जनावर मारावे लागणाऱ्या माणसाचे मन

आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे नाव 18 फेब्रुवारी 2006 या दिवशी देशभर गेले. नवापूरच्या पोल्ट्री फार्ममध्ये कोंबड्या पटापट मरत होत्या. सुरुवातीला राणीखेत असेल असे वाटले. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि एच-5-एन-1 म्हणजे बर्ड फ्लू असल्याचे निदान केले. भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो नवापुरात. दुसऱ्याच दिवसापासून पक्षी मारण्याचे काम सुरू झाले. पांढरे पोशाख, गॉगल, मास्क, गमबूट घातलेली पथके फार्ममध्ये शिरली. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात घातल्या, वर चुना टाकला, माती लोटली.

मार्च 2006 मध्ये जळगाव जिल्ह्यात हा रोग निघाला, तेव्हा तो घरोघरच्या परसातल्या कोंबड्यांतही होता. फेब्रुवारी 2021 मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले.

दोन्ही वेळी किती पक्षी मेले, किती अंडी नष्ट केली, मालकाला किती भरपाई मिळाली, याची नोंद कागदावर झाली. मारणाऱ्या माणसाला ताप-खोकला आहे का, तेही पाहिले गेले. पण घरी गेल्यावर त्याला झोप लागली का, हे विचारण्यासाठी कोणत्याही रजिस्टरमध्ये रकाना नसतो. या महिन्याच्या आरोग्य पानावर आपण त्याच माणसाबद्दल बोलणार आहोत.

हा विषय आपल्या वस्तीचा कसा?

कोणी म्हणेल, पुरुषोत्तमनगरला कारखाना आहे, ऊस आहे. पोल्ट्री तिकडे नवापूरला. आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्या वस्तीत दारापुढे चार कोंबड्या आणि एखादी शेळी असलेली घरे कमी नाहीत. जळगावात जसे परसातले पक्षी उचलले गेले तसे उद्या कुठेही होऊ शकते. आपली तरुण मुले पोल्ट्रीवर मजुरीला जातात. कोणी पशुवैद्यकीय दवाखान्यात शिपाई किंवा ड्रेसर असतो. कोणी नगरपालिकेच्या सफाई खात्यात असतो आणि मेलेले जनावर उचलायला त्यालाच बोलावणे येते. शहादा तालुक्यातच सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्याला ग्लँडर्स हा रोग झाल्याचे तपासणीत ठरले, तर त्याला इंजेक्शन देऊन मारावे लागते. तसा कायदाच आहे. त्या वेळी घोड्याची दोरी कोणीतरी धरलेली असते, आणि बहुतेक वेळा ती त्याला रोज चारा घालणाऱ्यानेच धरलेली असते.

थोडक्यात, हुकूम वरून येतो आणि हात खालच्या माणसाचा लागतो. या हाताचे दुखणे समजून घेणे आपल्या कामाचे आहे.

मनाला नेमके काय होते?

समजा, तुमच्या घरातला मुलगा एका फार्मवर दोन वर्षे कामाला आहे. पहाटे उठून तो कोंबड्यांना पाणी देतो, खाद्य टाकतो, लहान पिल्लांना बल्बची ऊब देतो. एखादे पिल्लू आजारी दिसले तर वेगळे ठेवतो. एक दिवस सरकारी आदेश येतो. त्याच हातांनी त्याच कोंबड्या पकडून द्यायच्या, माना मुरगाळायच्या, पोती भरायची. आजारी असलेल्याही आणि चांगल्या दिसणाऱ्याही. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जो हात जपतो त्यालाच मारावे लागते, तेव्हा मनात ओढाताण होते. प्राण्यांच्या निवाऱ्यांत आणि प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांचा अभ्यास केलेल्या संशोधकांनी ही ओढाताण 30 वर्षांपूर्वीच नोंदवली आहे. ज्यांचे प्राण्यांवर प्रेम म्हणून ते या कामाला येतात, त्यांनाच प्राणी मारण्याचे काम करावे लागते. प्रेम नसते तर त्रासही झाला नसता.

दुसरे कारण संख्येचे. जत्रेसाठी, पाहुण्यांसाठी एखादी कोंबडी कापणे वेगळे. ते अन्न असते, त्याला अर्थ असतो. हजारो जीव मारून मातीत घालणे मनाला तसे समजावता येत नाही. चांगली दिसणारी कोंबडी का मारायची हे कारण डोक्याला कळते. हाताला ते पटत नाही.

तिसरे कारण शरीराचे. अंगभर प्लास्टिकचा पोशाख, आत घामाच्या धारा, गॉगलवर धुके, धड पाणी पिता येत नाही. दमलेल्या शरीरात मनाचा बांध लवकर फुटतो.

चौथे कारण लोकांचे. अशा कामावरून आलेल्या माणसापासून शेजारी लांब राहतात. रोग घेऊन आला की काय, अशी भीती असते. कोरोनात आपण सगळ्यांनी हे भोगले आहे. ज्याला बोलायची सर्वांत जास्त गरज, त्याच्याशीच कोणी बोलत नाही.

पाचवे कारण मनातल्या टोचणीचे. "मी चूक केली," "मी पाप केले" ही भावना. आपल्याला जे चूक वाटते ते आपल्याच हातून करावे लागले, तर होणारी जखम साध्या भीतीपेक्षा वेगळी असते. मानसतज्ज्ञ तिला नैतिक जखम म्हणतात. भीती बहुधा कालांतराने ओसरते. टोचणी मात्र कोणाशी न बोलल्यास वाढत जाते.

बाहेरच्या जगाचा अनुभव

हा त्रास फक्त आपल्याकडच्या हळव्या लोकांना होतो असे नाही. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये जनावरांना लाळ्या-खुरकूत रोगाची मोठी साथ आली. 60 लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. सर्वांत जास्त फटका कंब्रिया या भागाला बसला. तिथे लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 54 लोकांना दीड वर्ष दर आठवड्याला रोजनिशी लिहायला सांगितली. त्यात शेतकरी होते आणि साथीच्या कामात उतरलेले लोकही होते. साथ संपून महिने उलटले तरी त्या रोजनिशांत दुःख होते, डोळ्यांपुढे येणारी दृश्ये होती, पुन्हा तसेच होईल ही धास्ती होती. सरकारी यंत्रणेवरचा विश्वासही उडालेला होता.

दक्षिण कोरियात लाळ्या-खुरकूत आणि बर्ड फ्लूमुळे वारंवार लाखो प्राणी मारावे लागले. तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने या कामावरच्या सरकारी कर्मचाऱ्यांची आणि पशुवैद्यांची पाहणी करवून घेतली. चारपैकी सुमारे तीन जणांत मानसिक आघाताची लक्षणे सापडली. 2019 मध्ये आयोगाने सरकारला सांगितले की या लोकांच्या मानसिक उपचाराची व्यवस्था करा. हा विषय तिथे मानवाधिकार आयोगाकडे गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. काम करणाऱ्याचे मन हा त्याच्या हक्काचा प्रश्न मानला गेला.

अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पशुवैद्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळले. त्याला एकच कारण नसते. कामाचा ताण, कर्ज, एकटेपणा हेही असते. तरी शिकलेल्या, पगारदार डॉक्टरची ही गत असेल, तर रोजंदारीवरच्या मजुराला किती आधाराची गरज असेल याचा विचार करा.

पाप लागले का?

आपल्या घरात हा प्रश्न येणारच. आपण रोज पंचशील घेतो आणि पहिलेच शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. अशा कामावरून आलेला माणूस वंदनेला बसतो आणि त्याची जीभ अडखळते. काही जण विहारात यायचेच बंद होतात.

यावर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात विचार केला आहे. अहिंसेबद्दल लिहिताना त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. त्यांच्या मते बुद्धाने अहिंसा हे तत्त्व म्हणून दिले, आंधळा नियम म्हणून दिले नाही. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते. रोग माणसांत आणि इतर पक्ष्यांत पसरू नये म्हणून केलेले काम गरजेचे होते की नव्हते, हे त्या कसोटीवर तपासता येते. बर्ड फ्लू माणसालाही होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. जुलै 2021 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयात एका 11 वर्षांच्या मुलाचा या रोगाने मृत्यू झाला. भारतातली ती पहिली नोंद होती.

पण "गरज होती" एवढे सांगून त्या माणसाचे तोंड बंद करू नका. गरज होती हे खरे आणि त्याला दुःख झाले हेही खरे. जीव जाताना पाहून ज्याचे मन हलले त्याच्यात करुणा आहे. ती करुणा हा त्याचा दोष मानू नये. त्याला विहारात बोलवा, शेजारी बसवा.

आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांच्या माथी जन्मावरून मारले गेले होते. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले आणि आपल्या लोकांनी ते सोडले. आज कोणी पगारावर, प्रशिक्षण घेऊन, संरक्षक पोशाख घालून असे काम करत असेल तर त्यात कमीपणा नाही. पण "हे काम तुम्हीच करा, तुम्हाला सवय आहे" असे जात पाहून कोणी सांगत असेल, तर ते मान्य करायचे नाही. अशा कामाची सवय कोणालाच नसते. बधिरपणा येतो, आणि त्यालाच बाहेरचा माणूस सवय म्हणतो.

घरच्यांनी काय ओळखावे?

असे काम करून आलेल्या माणसात पुढील गोष्टी दिसू शकतात:

- झोप लागत नाही, किंवा दचकून जाग येते. स्वप्नात पक्ष्यांचा कालवा ऐकू येतो.
- चुन्याचा, पिसांचा, जंतुनाशकाचा वास आला की अस्वस्थ होतो.
- जेवणावरची वासना जाते. कोंबडी-अंडे समोर आले की उठून जातो.
- पुन्हा पुन्हा हात धुतो, अंघोळ करतो, तरी वास जात नाही म्हणतो.
- लहानसहान गोष्टीवर चिडतो, मुलांवर ओरडतो. किंवा अगदी गप्प होतो.
- घरच्या जनावरांजवळ जाणे टाळतो.
- दारू नव्याने सुरू होते किंवा वाढते.
- "माझ्यासारख्याने जगून काय उपयोग" असे बोलतो.

पहिले दोन-तीन आठवडे यातले काही दिसणे स्वाभाविक आहे. मोठा धक्का बसल्यावर मेंदूतली धोक्याची घंटा काही दिवस वाजत राहते. पुष्कळांच्या बाबतीत ती आपोआप शांत होते. महिना उलटूनही त्रास कमी झाला नाही, कामावर जाणे अवघड झाले, दारू वाढली, तर तो आजार समजून उपचार घ्यावा. मरणाची भाषा ऐकू आली तर महिनाभर थांबायचे नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची आणि त्या माणसाला एकटे सोडायचे नाही. "मनात मरणाचे विचार येतात का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट माणूस मोकळा होतो.

याबरोबर शरीराकडेही लक्ष हवे. बर्ड फ्लूच्या कामावरून आल्यानंतर किमान दहा दिवस ताप, खोकला, घसादुखी, डोळे लाल होणे, दम लागणे यांवर लक्ष ठेवा. यातले काहीही दिसले तर लगेच सरकारी दवाखान्यात जा आणि कोणते काम केले ते डॉक्टरांना सांगा. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे.

घरी आणि वस्तीत काय करता येईल?

पहिली गोष्ट, ऐकून घ्या. आईने, बायकोने, मोठ्या भावाने शांतपणे विचारावे, "खूप जड गेले का रे?" तो बोलला तर मध्ये तोडू नका. बोलला नाही तर खोदून विचारू नका; जवळ बसा, चहा द्या, उद्या पुन्हा विचारा. जबरदस्तीने सगळे वदवून घेतल्याने काहींचा त्रास वाढतो.

दुसरी गोष्ट, काही वाक्ये टाळा. "कोंबड्याच होत्या ना?" "मर्द असून रडतोस?" "पैसे मिळाले ना, मग?" या वाक्यांनी माणूस गप्प होतो आणि बाटलीकडे वळतो.

तिसरी गोष्ट, दारू. पहिल्या रात्री दारूने झोप लागल्यासारखी वाटते. पण ती झोप तुटक असते, स्वप्ने वाढतात आणि चार दिवसांत दारूशिवाय डोळा लागत नाही. कामानंतर "थकवा घालवायला" बाटली देणाऱ्या मुकादमाला नको म्हणा.

चौथी गोष्ट, दिनक्रम. ठरल्या वेळी झोपणे-उठणे, सकाळी चालणे, दोन वेळ जेवण, ओळखीच्या माणसांत बसणे. आनापान म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याची सवय असेल तर दहा मिनिटे करावी. डोळे मिटल्यावर दृश्ये जास्त येत असतील तर डोळे उघडे ठेवून करावे, किंवा सध्या सोडून द्यावे. उपचाराऐवजी ध्यान असे मात्र करू नये.

पाचवी गोष्ट, मुले. घरची कोंबडी न्यावी लागली तर मुलांना खोटे सांगू नका. "ती आजारी पडण्याचा धोका होता. तो आजार आपल्यालाही झाला असता. म्हणून डॉक्टरकाका घेऊन गेले. वाईट मलाही वाटते," एवढे पुरे. मूल रडले तर रडू द्या.

भटक्या कुत्र्यांबाबतही एक सांगायला हवे. पिसाळल्यासारखे कुत्रे दिसले की वस्तीतल्या पोरांच्या हातात काठ्या देऊन पाठवू नका. चावण्याचा धोका आहेच, शिवाय त्या पोरांच्या मनावर जे उमटते ते लवकर जात नाही. नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कोणाला चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा आणि लगेच लस घ्या.

कामाच्या ठिकाणी काय मागावे?

असे काम करणाऱ्यांनी पुढील गोष्टी मागाव्यात. त्या मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

1. काम सुरू होण्याआधी हे का करायचे, किती दिवस चालेल, कसे करायचे हे समजेल अशा भाषेत सांगावे.
2. जनावराला कमीत कमी वेदना होतील अशी पद्धत शिकवावी. आपल्या हातून जीवाचे हाल झाले नाहीत, हे समाधान नंतर फार उपयोगी पडते.
3. मारण्याच्या कामावर तीच माणसे दिवसभर ठेवू नयेत. पाळी बदलावी, मध्ये विसावा व पाणी द्यावे.
4. ज्याने त्या जनावरांना वाढवले त्याला मारायला लावू नये. ज्याला झेपत नाही त्याला मोजणी, वाहतूक, फवारणी असे दुसरे काम द्यावे. त्याची मजुरी कापू नये.
5. काम संपल्यावर तापाबरोबर झोपेचीही चौकशी व्हावी. महिन्याने पुन्हा एकदा व्हावी.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. नाव सांगण्याची सक्ती नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन "मला झोप लागत नाही, असे असे काम केले होते" एवढे सांगितले तरी डॉक्टर पुढचा रस्ता दाखवतील. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. बोलण्यातून होणारे उपचार आणि गरज पडल्यास गोळ्या, या दोन्हींनी हा आजार बरा होतो. गोळ्या घेतल्या म्हणजे माणूस वेडा ठरत नाही. आणि मानसिक आरोग्याचे उपचार मिळणे हा 2017 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

नवापुरात दोनदा आलेला रोग तिसऱ्यांदाही येऊ शकतो. त्या वेळी आपल्या वस्तीतून कोणी त्या कामावर गेले, तर तो परत येईल तेव्हा दार उघडे ठेवा. अंघोळीला गरम पाणी द्या, पोटभर जेवू घाला आणि दोन दिवसांनी हळूच विचारा, "झोप लागते ना रे, दादा?" सरकारी रजिस्टरमध्ये या प्रश्नाला रकाना मिळेपर्यंत हा प्रश्न आपणच विचारायचा आहे.